निघालेल्या बोटीला हाक

सातपाटीत तेजलच्या तोंडाला कोणी लागत नसे. बाजारात काटा जरा हलला की मापणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरणारी ही बाई. ग्रामसभेत नळाच्या पाण्यावरून सरपंचाला उभं करून जाब विचारणारी. नवरा कमलेश बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याला सलग तीन आठवडे रात्रपाळी लावली, तर हिने सुपरवायझरला फोन करून हिंदीतून असं झापलं की बिचारा कमलेश दोन दिवस कामावर खाली मान घालून फिरत होता. आई गोजराबाई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाय." खरं सांगू, अशी माणसं गावाला लागतातच. पण नशिबाचा खेळ बघा. जिथे तोंड उघडायला हवं होतं, नेमकी तिथे ही बया अडीच महिने मूग गिळून बसली.

झालं असं. मे महिन्यात पालघरला एका संस्थेने तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. किनाऱ्यावरच्या गावांत साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती कशी आहे, कोणाची उतरणीला लागलीय, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. घरोघर जाऊन प्रश्न विचारायला गावातल्याच बायका हव्या होत्या. तेजल बारावी पास, चालायला खमकी, बोलायला तर काय विचारता! तिची निवड लगेच झाली.

शिकवायला किंजल मॅडम होत्या. अंगाने काडी, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "कोयता कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. त्याला आजार म्हणू नका. पण रोज मासळी कापणारी बाई हातात कोयता धरून विचारात पडली, की याचं करतात काय, तर ते मला कळवायचं. आणि एक ध्यानात ठेवा, ही माणसं हुशार असतात. ती झाकतात. घरचे त्यांच्यापेक्षा जास्त झाकतात." मग त्यांनी प्रश्नांचे कागद वाटले. आजची तारीख काय, वार कोणता, तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे, असलं सगळं.

तेजलने हात वर केला. "मॅडम, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तारीख विचारून काय उपयोग? तारीख त्यांना तरुणपणीही ठाऊक नव्हती. त्यांना तिथी विचारा. आणि आज पाणी कधी भरेल, ते विचारा."

"म्हणजे?"

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. आमच्यात ज्याला हे येत नाही त्याला बोटीवर कोणी घेत नाही."

किंजल मॅडमनी मोबाईलवर भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं. बरोबर! मच्छीमार गावांच्या कागदात तो प्रश्न त्यांनी तिथल्या तिथे घालायला लावला, आणि वर्गात तेजलसाठी टाळ्या वाजल्या. परत येताना बाई वडापमध्ये इतकी ताठ बसली होती, जणू जिल्हाधिकारी होऊन चाललीय.

पण त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली होती, ती तिने कोणाला सांगितली नाही. मॅडम जी लक्षणं सांगत होत्या, ती ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस येत होता. तिचा बाप.

भगवंत तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. सुकाण त्याच्या हातात आणि बोटीवरच्या सगळ्यांचा जीवही. वय सहासष्ट. चाळीस वर्षं सुकाण धरलेलं. आधी बापाच्या बोटीचं, मग स्वतःच्या 'उन्नती'चं. एका वादळात दुसऱ्या बोटीची पाच माणसं त्याने पाण्यातून ओढून काढली होती, आणि घरी आल्यावर बायकोला एवढंच म्हणाला होता, "आज जेवायला पाच ताटं जास्त लाव." असा माणूस. गावात कोणी त्याला 'अरे' म्हणत नव्हतं.

हाच माणूस एप्रिलमध्ये तेजलच्या दारात आला आणि म्हणाला, "तुजी सासू कुठं गेली? दिसत नाय." सासूला जाऊन तीन वर्षं झाली होती, तिरडीला खांदा यानेच दिला होता. जाळं विणायला बसला की एकच ओळ उसवायचा, विणायचा, परत उसवायचा. कमलेशला एका दुपारी तीनदा विचारलं, "आज कुठली पाळी?"

आता कोणी शहाणा म्हणेल, विसरला तर विसरला, हल्ली बोटीवर जीपीएस असतं. अरे बाबा, जीपीएस दर्याची वाट दाखवील. पण सातपाटीच्या खाडीत गाळ भरलाय आणि तो दर पावसाळ्यात जागा बदलतो. बोट भरतीला बाहेर पडते आणि भरतीलाच आत येते. पाणी उतरलं असताना खाडीच्या तोंडाशी घातलीत की बूड रुतलं समजा. मागून लाटा येतात आणि बोटीला कुशीवर आडवी करतात. श्रावणात तर दर्या अजून पिसाळलेला असतो. अशा वेळी पाण्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी त्याचा काही नेम नसतो. म्हणून तिथे तांडेलाचं डोकं लागतं, आणि ते डोकं ठिकाणावर लागतं.

हे सगळं तेजलला पाठ होतं. मग ती बोलली का नाही? तर मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत पुढच्या हंगामाचे खलाशी ठरतात. तांडेल विसरायला लागलाय, एवढी कुजबुज झाली असती तरी 'उन्नती'वर पाय ठेवायला कुत्रं आलं नसतं. भाऊ मिथुन चोवीस वर्षांचा, अजून लाटेला घाबरणारा. म्हणजे बोट किनाऱ्यावर कुजली असती, आणि बाप देवळाच्या कट्ट्यावर, ज्यांना कोणी काही विचारत नाही त्या म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला असता. तेजलला तेच बघवणार नव्हतं. गोजराबाईला तिने एकदा आडून विचारलं, तर आई फणकारली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तांडेलाच्या घरात असं बोलायचं नसतं."

प्रशिक्षणातला एक नियम होता: घरच्या माणसाची चाचणी घरच्याने घ्यायची नाही. तेजलने तो मोडला. दुसऱ्या बाईला पाठवली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं! जूनमध्ये एका सकाळी ती कागद घेऊन बापासमोर बसली, आणि बसलीही अशी, की तिच्या डोक्यावरचं भिंतीवरचं कॅलेंडर बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर यावं. पाणी कधी भरेल हा तिचा स्वतःचा प्रश्न. तो तिने विचारलाच नाही. तारीख विचारली. बापाने वर बघितलं, तारीख वाचली. मग तिने तीन शब्द सांगितले. माड, आरसा, बस. पाच मिनिटांनी परत विचारले.

"नाय आठवत," भगवंत म्हणाला.

"आठव ना, बाबा."

"नाय आठवत, पोरी."

आतून गोजराबाई ओरडली, "आरसा म्हणा हो, आरसा!"

भगवंतने बायकोकडे लक्षच दिलं नाही. लेकीकडे एकटक बघत तिसऱ्यांदा तेच म्हणाला, "मला नाय आठवत." तेजलने मान खाली घातली आणि तिन्ही शब्दांपुढे बरोबरची खूण केली. तिसात सव्वीस गुण. कागद पिशवीत टाकून उठली, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

नारळी पौर्णिमा आली. भगवंतने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्याला वाहिला, गाव नाचलं, बाप त्यात उठून दिसत होता. तेजलने मनाशी म्हटलं, बघ, काही होत नाही, उगाच तू जीव टांगणीला लावलास. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं, त्याला इलाज नाही.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी 'उन्नती' हंगामाच्या पहिल्या फेरीला निघणार होती. चार-पाच दिवस बाहेर राहायचं, पापलेट लागलं तर आणखी एक. तेजल सकाळीच बापाच्या पाया पडून आली आणि आपल्या यादीच्या कामाला लागली. यादीत त्या दिवशी देवूमामाचं नाव होतं. गोजराबाईचा धाकटा भाऊ. भगवंतच्या बोटीवर तीस वर्षं पुढच्या टोकाला बसणारा. चार दिवसांपूर्वी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने महिनाभर दर्यावर जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. काळा चष्मा लावून ओसरीवर बसला होता, चिडलेला.

तेजलने घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. तिने कागद काढला.

"मामा, आजची तिथी?"

"तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पाणी भरलं. तुजा बाप दोनला दोर सोडंल. अजून काय?"

तीन शब्द त्याने उलटे-सुलटे सांगून दाखवले. वजाबाकी केली. कागदावर घड्याळाचं चित्र काढलं. तेजल हसत हसत शेवटच्या प्रश्नावर आली. "रोजच्या कामात कोणाची मदत घ्यावी लागते का?"

"मी कशाला घेऊ मदत? मी देतंय." तेजलचं पेन थांबलं.

"कोणाला देतोस, मामा?"

देवूने चष्मा काढला, परत लावला. "तुला ठाव नाय असं सांगू नको. तू शिकून आलीस."

तेजलने कागद खाली ठेवला. "मामा, नीट सांग."

"दीड वरीस झालं," देवू म्हणाला. "पहिल्यांदा तो घरची वाट सोडून तारापूरच्या दिव्यांकडं बोट घेऊन चालला. म्हटला, ही सातपाटी. बोटीवर तांडेलाला चूक सांगायची नसते, पोरी, विचारायचं असतं. मी विचारलं, 'भावजी, आपल्या बंदराचा दिवा कुठल्या हाताला येतो?' तो थांबला, वळला. तवापासून मी त्याच्यावर नजर ठेवून असतो. ओहोटीला खाडीत घालायला निघाला की म्हणतो, 'भावजी, पाणी भरलं असंल का आता?' मंग तो म्हणतो, 'नाय, थांबू या.' जणू त्यालाच सुचलं. मार्चात तर दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी डुलकी घेत होतो. बूड घासलं तवा जाग आली. वाचलो, बस."

"खलाशांना माहीत हाय?"

"डोळे हायेत त्यांना. पण बोलणार कोण?"

"आणि आज पुढं कोण बसणार?"

"मिथुन. त्याला सांगितलंय, बापाच्या जवळपास राहा."

"आणि कधी काय विचारायचं, ते सांगितलंस?"

देवूने मान फिरवली. "पोराला त्याच्या बापाचं काय सांगू? माज्या तोंडातून निघालं नाय."

म्हणजे बघा कसा गोंधळ! बायको झाकतेय, मेव्हणा झाकतोय, खलाशी झाकताहेत, आणि प्रशिक्षण घेऊन आलेल्या मुलीने तर सही ठोकून झाकलंय. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कोणी तरी सांभाळतोय. खरोखर सांभाळणारा एकच होता आणि तो काळा चष्मा लावून ओसरीवर बसला होता. चार दिवसांनी 'उन्नती' परत येईल, खाडीचं तोंड समोर असेल, आणि भगवंतला विचारणारं कोणी नसेल. बोटीवर सात माणसं, त्यातला एक तिचा सख्खा भाऊ.

तेजलने मिथुनला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. बर्फ भरताना, इंजिन चालू असताना कोणाला ऐकू येणार? आईला लावला, आई म्हणाली, "ते कवाच गेले बंदरावर, निघताना असले फोन करू नये." पावणेदोन वाजून गेले होते. कागद, पिशवी, पेन सगळं ओसरीवर टाकून तेजल पळत सुटली.

पाऊस नुकताच थांबलेला, गल्लीत पाणी. ती पडली, गुडघा फुटला, उठली. बोंबील वाळवायच्या रिकाम्या काठ्यांखालून वाकून गेली. लोक विचारत होते, काय झालं ग, काय झालं? तिला उत्तर द्यायला श्वास नव्हता. एकच मनात होतं: दोर सुटायच्या आत.

ती बंदरावर पोहोचली तेव्हा पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. दोन बोटी निघून गेल्या होत्या. 'उन्नती'चा दोर सुटला होता आणि बोट धक्क्यापासून दोन हात दूर होती. मागे सुकाणाजवळ बाप उभा होता, डोक्याला रुमाल बांधून.

आमच्याकडे निघालेल्या बोटीला मागून हाक मारत नाहीत. कुठे चाललात विचारत नाहीत, काही विसरलं तरी ओरडत नाहीत. फक्त घरात मयत झालं तर हाक मारायची. तेजलला हे लहानपणापासून माहीत होतं.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, थांब!"

धक्क्यावरच्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. इंजिन मंद झालं. भगवंतचा चेहरा पांढरा पडला.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाय," तेजल म्हणाली. "अजून कोणी नाय."

मिथुनने घाईघाईने दोर टाकला, बोट परत टेकली. "ताई, डोकं फिरलंय का तुजं?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आज पहिली फेरी हाय."

तेजलने त्याच्याकडे बघितलंही नाही. "बाबा, मला एक सांग. आज पाणी कधी भरणार?"

भगवंत हसला. "एवढ्यासाठी आलीस? मोबाईलमधी बग."

"मोबाईल नको. तू सांग. आज तिथी कोणती?"

भगवंतने तोंड उघडलं. मिटलं. आणि मग त्याने बोटीच्या पुढच्या टोकाकडे बघितलं, जिथे तीस वर्षं देवू बसायचा. तिथे बर्फाची पेटी होती. तो बघतच राहिला. सगळ्यांनी ते बघणं बघितलं. एकाही खलाशाने मान वर केली नाही.

"अष्टमी," भगवंत म्हणाला.

तीन दिवसांपूर्वी याच धक्क्यावरून त्याने पौर्णिमेचा नारळ वाहिला होता. त्याच्या पायाखाली भरलेलं पाणी हेलकावत होतं. धक्क्यावरच्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला.

तेजल थांबली नाही. "तृतीया हाय, बाबा. पाणी आताच भरतंय. परत येताना अशीच तिथी चुकलास तर बोट गाळात जाईल. सात माणसं हायेत."

"चारचौघांत बापाची परीक्षा घेतेस?" भगवंत गरजला. इतक्या जोरात, की पलीकडच्या बोटीवरचे लोक उभे राहिले. "माज्या बोटीवर? तू?"

"हो, घेते! जूनमधी घेतली ती खोटी होती. तुला एकही शब्द आठवला नव्हता. मी खोटे गुण लिहिले. सगळ्यांनी ऐका, मी खोटं लिहिलं. उद्या मॅडमना पण सांगणार, मग त्या मला ठेवोत नायतर हाकलोत. पण मी ही बोट जाऊ देणार नाय."

"मिथुन, दोर काढ."

मिथुन हलला नाही. बापाकडे बघ, बहिणीकडे बघ, असं त्याचं चाललं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पोराने करावं तरी काय! रडकुंडीला आलं होतं बिचारं.

तेव्हा जानू उठला. जव्हारकडचा माणूस, डोंगरातला. बावीस वर्षं दर हंगामाला याच बोटीवर यायचा. कधी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्याने आपली चादर आणि डबा उचलला, भगवंतसमोर येऊन त्याच्या पायाला हात लावला आणि काही न बोलता धक्क्यावर चढला. मग दुसरा उठला. मग तिसरा. प्रत्येक जण पायाला हात लावत होता आणि उतरत होता. एकाने म्हटलं नाही की तांडेल चुकला. शेवटी मिथुन उरला. त्याने इंजिन बंद केलं आणि तोही उतरला, पायाला हात लावायचंही त्याला सुचलं नाही.

भगवंत एकटा सुकाण धरून उभा राहिला. सव्वादोन झाले. इतर बोटी एकामागून एक शेजारून निघून गेल्या. त्यांच्यावरची माणसं बघत होती आणि नजर वळवत होती. तेजलला वाटत होतं, आता हा पाण्यात उडी मारील, नाहीतर एकटाच इंजिन चालू करील. आपण बापाला जिवंतपणी मारलं, असं तिला स्पष्ट वाटलं. तरी ती तिथून हलली नाही. पाणी एक पायरी उतरलं, मग दुसरी. आता बोट निघू शकत नव्हती. तेव्हा कुठे ती बोटीत उतरली आणि बापापासून चार हातांवर, जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसली. मारलं तर मारू दे, म्हणाली मनात.

भगवंतने मारलं नाही. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि खाली बसला.

"जानूला सांग," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "उद्यापासून सुकाण त्याच्याकडं. मिथुन कच्चा हाय. लोक बोलतील, डोंगरातल्या माणसाला तांडेल केला म्हणून. बोलू दे. तो पाणी ओळखतो."

"बाबा, तुला... तुला कळत होतं?"

"दीड वरीस. देवूला काय वाटतं, तो मला फसवत होता? मीच त्याला डोळा ठेवायला सांगितलं होतं. तो विचारायचा आणि मी उत्तर द्यायचो, तसं आमचं ठरलं होतं. तुला नाय सांगितलं त्यानं?"

देवूने ते सांगितलं नव्हतं. मेव्हण्याची लाज राखायला त्याने फसवणुकीचा दोष शेवटपर्यंत आपल्या अंगावर घेतला होता.

"मग सोडलं का नाय?" तेजलला रडू फुटत होतं. "आज देवूमामा नाय, ठाव होतं तुला. तरी निघालास? मिथुनला घेऊन?"

"तांडेल आपणहून सुकाण सोडत नाय, पोरी. माज्या बापानं नाय सोडलं. मला ते जमंना. दुसऱ्यानं उतरवावं लागतं." तो बोटांनी जाळ्याची एक गाठ चाचपत राहिला. "तू जूनमधी कागद घेऊन बसलीस, तवा मला बरं वाटलं. म्हटलं, ही शिकून आली. ही लिवणार, मी सुटणार. म्हणून तर तीनदा सांगितलं तुला, नाय आठवत. तू खाली मान घालून बरोबरची खूण केलीस. मी बघितली ती खूण."

तेजल जाळ्यांवरून उठली आणि त्याच्याजवळ सरकली.

"मंग मी म्हटलं, पोरीला बाप तांडेलच हवा हाय," भगवंत म्हणाला. "म्हणून चाललो होतो."

तेजलने त्याचे पाय धरले आणि ती मोठ्याने रडली. धक्क्यावर अर्धं गाव उभं होतं.